३८ दिवस, ७० तास: सेमिस्टरच्या शेवटी मन उठलेल्या एका मुलाचं प्रकरण

विलंब शुल्क भरून परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि टीवायबीएस्सी केमिस्ट्रीच्या यादीत एका नावासमोरचा रकाना कोराच होता. मी त्या वर्गाची मेंटॉर. जळगावातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे. फॉर्म राहिला म्हणजे पैशांची अडचण असेल, असं पूर्वी धरून चालायचे. आता तसं धरत नाही. घरी फोन लावला. पलीकडून वडील बोलले, "पोऱ्या वावरमा गया मॅडम, कापूस येचाले." मी म्हटलं, "भाऊ, उद्या त्याला नक्की पाठवा. फॉर्म राहिलाय."

दुसऱ्या दिवशी तो आला. घरात त्याला बापू म्हणतात, इथंही तेवढंच पुरे. हे प्रकरण लिहायला त्याची हरकत नाही, हे मी आधी विचारून घेतलं आहे. फॉर्म का भरला नाहीस, असं विचारल्यावर बराच वेळ तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मन लागत नही मॅडम." परीक्षेला तेव्हा ३८ दिवस होते.

सेमिस्टरच्या शेवटी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते की त्याचं वजन कळेनासं होतं. पण या मुलाच्या बाबतीत त्यामागचं एकेक सुटं करून बघायची संधी मिळाली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे, माझ्या चुकांसकट.

घर, शेत आणि कॅलेंडर

बापूचं गाव धरणगावच्या बाजूला. घरची कोरडवाहू-बागायत मिळून थोडी शेती. खरिपात कापूस, रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. तो रोज एसटीनं अपडाऊन करतो. मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते, त्यामुळे अपडाऊन परवडतं. जळगावात खोली घेऊन राहणं परवडत नाही. एसवायला त्याला फर्स्ट क्लास होता. प्रयोगशाळेत हात चांगला. ब्युरेटमधून शेवटचा थेंब सोडताना त्याची बोटं थरथरत नाहीत, ही गोष्ट मी पहिल्याच वर्षी टिपली होती.

खानदेशात दोन्ही सेमिस्टर चुकीच्या वेळी संपतात, असं मला नेहमी वाटतं. पहिलं संपतं तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि वेचायला मजूर मिळत नाहीत. दुसरं संपतं तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, आखाजी (अक्षय तृतीया) आलेली असते, घरोघरी लगीनघाई असते. रावेर-यावलकडच्या केळीवाल्या घरांतल्या मुलांचं गणित आणखी वेगळं, कारण तिथं कापणीला हंगाम असा एकच नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि शेताचं वेळापत्रक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांच्या मध्ये वीस वर्षांचं पोरगं उभं असतं.

त्या वर्षी त्यात एक भर पडली. आदल्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. तो भाव पुन्हा येईल या आशेनं त्या हंगामात लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात भरून ठेवला. बापूच्या घरी बाहेरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. त्याचं अभ्यासाचं टेबल त्याच खोलीत होतं. खिडकी झाकली गेलेली, दिवा लावायचा तर कापसाच्या ढिगापासून जपून लावायचा, आणि अर्धा तास बसलं की अंगाला खाज सुटायची. मानेवर आणि हातांवर लाल चट्टे मी स्वतः पाहिले. "अभ्यासाला बसत जा" हे सांगणं किती सोपं असतं, आणि बसायचं म्हणजे नेमकं कुठं बसायचं, हे विचारायला मला इतकी वर्षं लागली.

पहिली भेट: माझं चुकलं

फॉर्म तर त्याच दिवशी भरून घेतला. नंतर मी जे केलं ते आपण शिक्षक सहसा करतो तेच. अर्धा तास समजावलं. अजून वेळ गेलेली नाही, तू हुशार आहेस, आईवडिलांचे कष्ट बघ, मागच्या वर्षीच्या अमुक विद्यार्थ्याने शेवटच्या महिन्यात कशी भरारी मारली. मग कागद घेऊन वेळापत्रक आखलं. पहाटे पाच ते सात, रात्री आठ ते बारा, कॉलेजात दोन तास. रोजचे आठ तास, ३८ दिवसांचे ३०४. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मलाच समाधान वाटलं.

तीन दिवस तो आला. चौथ्या दिवशी आला नाही.

आज ते वेळापत्रक बघताना लाज वाटते. काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधताना माणसं सर्वांत सुरळीत दिवस डोळ्यांपुढे ठेवतात आणि स्वतःचाच मागचा अनुभव विसरतात, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. मी तर त्याहून पुढं गेले होते. दुसऱ्याच्या दिवसाचा अंदाज मी माझ्या घरातल्या टेबलावरून बांधला होता. कापूस भरलेली खोली त्यात नव्हती. रात्रीची लाईन त्यात नव्हती. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच मिळते. त्या रात्री हरभऱ्याला पाणी भरायला वडिलांबरोबर तो जातो, हे मी विचारलंच नव्हतं.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर आईवडिलांच्या कष्टांची आठवण या मुलांना करून द्यावी लागत नाही. ते कष्ट त्यांच्या मानेवर चट्ट्यांच्या रूपानं असतात. माझ्या त्या वाक्यानं त्याच्या ओझ्यात भरच पडली.

नोटीस बोर्डावरचा कागद

पाचव्या दिवशी तो बस स्टँडवरून परत निघालेला असताना त्याच्या मित्राने त्याला आणून माझ्यापुढे उभं केलं. या वेळी मी बोलले नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "कुठला पेपर गेला असं वाटतंय, ते लिही." त्यानं लिहिलं: फिजिकल, ऑर्गॅनिक, बहुतेक ॲनालिटिकल.

मी विचारलं, "इंटर्नलचे मार्क किती आहेत?"

त्याला माहीत नव्हतं. मार्क लागून तीन आठवडे झाले होते. रोज ज्या जिन्यानं तो वर्गात जायचा त्याच्या शेजारी नोटीस बोर्ड होता, आणि तो तीन आठवडे तिथून मान खाली घालून जात होता. फिजिकलची दुसरी चाचणी वेचणीमुळे बुडाली, तेव्हापासून त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की इंटर्नल गेलं, म्हणजे विषय गेला, म्हणजे वर्ष गेलं. कागदावर काय आहे हे बघण्यापेक्षा मनातलं वाईट गृहीत धरून चालणं त्याला सोपं वाटत होतं.

आम्ही दोघं खाली गेलो. त्याच्या अभ्यासक्रमात विषयाला १०० गुण, त्यांतले ४० अंतर्गत आणि ६० विद्यापीठाच्या लेखीचे. दोन्हीकडे ४० टक्के लागतात, म्हणजे अंतर्गतला १६ आणि लेखीला २४. बोर्डावर त्याच्या नावापुढे होतं: ऑर्गॅनिक २२, फिजिकल १७, इनऑर्गॅनिक २६, ॲनालिटिकल २४, इंडस्ट्रियल २८.

तो "सतरा?" म्हणाला. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. नावाची ओळ चुकली तर नाही ना, म्हणून पट्टीसारखा हात आडवा धरून तिसऱ्यांदा वाचलं.

सोळाला सतरा. एकाच गुणानं, पण तरला होता. एकही विषय गेलेला नव्हता. ज्या गोष्टीसाठी त्याचं मन दीड महिना शोक करत होतं ती गोष्ट घडलेलीच नव्हती.

मला या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं जे सांगायचं आहे ते इथं आहे. सेमिस्टरच्या शेवटी मन उठतं ते बहुतेक वेळा आळसानं नव्हे. आता काहीही केलं तरी फरक पडणार नाही, असं एकदा वाटलं की मन मागं घेणं हा त्या समजुतीवरचा अगदी सरळ परिणाम असतो. ती समजूत भाषणानं हलत नाही, कारण भाषणात आकडे नसतात. ती हिशोबानं हलते. आणि हिशोब करायला जी हिंमत लागते तीच नेमकी मन उठलेल्या मुलाकडे नसते. म्हणून त्या वेळी बोर्डापर्यंत सोबत कुणीतरी जावं लागतं.

सत्तर तास

मग खरा हिशोब केला. त्याला विचारून, एकेक दिवस खोडत. तोवर ३८ मधले पाच दिवस गेले होतेच, पण परीक्षेचं वेळापत्रक हाती आलं आणि पहिला पेपर पाच दिवस पुढे गेलेला निघाला. पुन्हा ३८. त्यांतले पाच रविवार पूर्ण वेचणीचे, ते सोडले. बारा दिवस रात्रीच्या लाईनचे, त्या दिवशी जेमतेम दीड तास. उरलेले २१ दिवस, अडीच तास धरून. बेरीज सत्तरच्या आसपास.

३०४ वरून ७० वर आल्यावर तो खचेल अशी मला भीती होती. उलट झालं. तो पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकून बसला. तीनशेचार तास त्याचे नव्हतेच, माझे होते. हे सत्तर त्याचे होते.

त्यांची वाटणी त्यानं केली: ऑर्गॅनिक २०, फिजिकल १५, ॲनालिटिकल १२, इनऑर्गॅनिक १०, इंडस्ट्रियल ८, आणि पाच तास हातचे. इनऑर्गॅनिकला दहाच तास का, असं मी विचारलं नाही. तिथं इंटर्नल २६ होते ना. ही चूक पुढे भोवली. त्याविषयी नंतर सांगते.

फोनचं फार काही करावं लागलं नाही. रात्री तो माय जवळ द्यायचा, सकाळी घ्यायचा. जागेचा प्रश्न मात्र सोडवावाच लागला. गावातल्या मारुती मंदिराच्या ओट्यावर दिवा असतो. तिथं सात ते साडेनऊ बसायचं ठरलं, आणि त्याच्याच गल्लीतला बारावीचा एक मुलगा सोबत यायला लागला.

जर्नल

अभ्यासाची वाट मोकळी झाली तरी तो प्रॅक्टिकलला येत नव्हता. लॅबच्या दारापर्यंत यायचा आणि काहीतरी काम काढून निघून जायचा. दोनदा पाहिल्यावर मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पण पिशवीतून त्यानं जर्नल काढून दिलं.

चौदा प्रयोगांपैकी पाच लिहिलेले, सही झालेले. पुढची पानं कोरी. आमच्या विभागाचा नियम असा होता की जर्नल फार मागे पडलं तर मागचे प्रयोग लिहून सही घेतल्याशिवाय पुढचा करायचा नाही. मुलांनी शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं बघून चौदाच्या चौदा उतरवू नयेत, म्हणून केलेला चांगला नियम. पण जो एकदा मागे पडला त्याच्यासाठी त्या नियमानं दार बंद केलं होतं. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, हे त्याला माहीत होतं. जर्नल अपूर्ण म्हणून लॅबला यायचं नाही, लॅबला येत नाही म्हणून जर्नल आणखी अपूर्ण. फिजिकल आणि ऑर्गॅनिकची सगळी भीती या एका वहीत साठलेली होती. मी इतके दिवस "मन लागत नाही"चं मूळ मनात शोधत होते. ते पिशवीत होतं.

नऊ प्रयोग राहिले होते. सहा केलेले पण न लिहिलेले, तीन केलेलेच नाहीत. दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही, एवढंच मी अट म्हणून सांगितलं. राहिलेले तीन रिपीट प्रॅक्टिकलच्या दिवशी करायचे. सहा लिहायचे, रोज एक. कधी लिहायचे, ते नीट ठरवलं: शेवटचा तास संपला की पिशवी घेऊन थेट लॅबबाहेरच्या बाकावर, आणि सव्वापाचच्या बसला निघेपर्यंत तेच. "वेळ मिळेल तेव्हा" असं नाही. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी असल्या ठरावांचा बराच अभ्यास केला आहे: अमुक झालं की तमुक करायचं, इतकं नेमकं आधीच बांधून ठेवलं की काम पार पडायची शक्यता पुष्कळ वाढते. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हाही तेच दिसलं. मला त्याचं कारण उघड वाटतं. ऐन वेळी "आता करू की नंतर" हा वाद मनाशी घालावा लागत नाही. थकलेला माणूस तो वाद हमखास हरतो.

पहिल्या दिवशी त्यानं काढला तो मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रोलिसिसचा प्रयोग. शेवटच्या ज्या प्रॅक्टिकलला तो आला होता त्यातला. रीडिंग कुठं आहेत विचारलं तर त्यानं वहीत घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी काढली. एका बाजूला कापसाच्या मापाचे आकडे, खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्यानं आदल्या वर्षी लिहून दिलेले. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं: शून्य मिनिट, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, आणि खाली इन्फिनिटी रीडिंग, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्यावरचं. त्या दिवशी त्याच्याकडे दुसरा कागद नव्हता.

ज्यांनी हा प्रयोग केला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मिथाइल ॲसिटेट आम्लाच्या पाण्यात घातलं की हळूहळू फुटत जातं आणि ॲसिटिक ॲसिड तयार होतं. दर दहा मिनिटांनी मिश्रणातला थोडा भाग बर्फाच्या पाण्यात टाकून क्रिया थोपवायची आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचं, म्हणजे ते किती लागतं ते मोजायचं. प्रत्येक वेळच्या रीडिंगवरून वेगाचा स्थिरांक, के, काढायचा. गंमत अशी की रीडिंग सगळी वेगवेगळी, पण नीट केलं असेल तर केची किंमत प्रत्येक ओळीत जवळजवळ एकच येते.

बापू बाकावर लॉग टेबल घेऊन बसला. मी आत उत्तरपत्रिका तपासत होते. पहिल्या तीन ओळी जुळल्या. चौथी फटकून आली. मला वाटलं, आता वही मिटेल. त्यानं मिटली नाही. टेबलावर बोट फिरवत तो मागे गेला आणि लॉग घेताना एक रकाना सरकला होता, तो त्यानं शोधला. पुन्हा भागाकार केला. मग दारात येऊन म्हणाला, "मॅडम, जुळला. पाचही."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी हुरूप म्हणेन. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं जो आला नव्हता, तो एका सरकलेल्या रकान्यानं आला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की "मला हे जमतं" या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतःच्या हातानं काहीतरी जमवल्याचा अनुभव. कुणाच्या शाबासकीचा नंबर त्याच्या मागे लागतो. वर्गात हे मी कित्येकदा सांगितलं असेल. त्या दिवशी बाकावर ते होताना पाहिलं.

मी सही केली आणि खाली तारीख घातली. त्यानं सही वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

बस आणि पाण्याचे वाफे

एसटीत वाचता येत नाही. बस हलते, उभं राहावं लागतं. तो वेळ आम्ही सत्तरात धरलाच नव्हता. पण वाचता आलं नाही तरी आठवता येतं. सकाळी वाचलेल्यातले पाच प्रश्न मनात घ्यायचे आणि बोटांवर मोजत उत्तरं आठवायची. अडलं तिथं खूण, संध्याकाळी तेवढंच उघडून बघायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून बघणारे पुढे गेले. आपली मुलं वाचतात फार आणि आठवून बघतात कमी. म्हणूनच घरी सगळं येतं आणि पेपर हातात पडल्यावर काही येत नाही.

पुढे हे त्यानं शेतात नेलं. रात्री पाणी भरताना एक वाफा भरेपर्यंत उभं राहावं लागतं. तेवढ्यात ऑर्गॅनिकची एक मेकॅनिझम, म्हणजे क्रिया कशी घडते त्याचे बाणांनी दाखवायचे टप्पे, मनात पूर्ण करायची, मग पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. वडील मला नंतर म्हणाले, "रातले एकटाच बोलत ऱ्हास. मी बिचकी गयथू." काळजी वाटून त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं बॅटरीच्या उजेडात ओल्या मातीवर काडीनं बाण काढून दाखवले होते.

चार दिवस

तिसऱ्या आठवड्यात तो गायब झाला. तुळशीचं लग्न झालेलं, लग्नसराई लागलेली. चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि त्याच आठवड्यात मजूर आले म्हणून वेचणीही. चार दिवस पुस्तक उघडलं नाही. पाचव्या दिवशी तो कॉलेजात आला, पण मला टाळून. नोटीस बोर्ड टाळायचा तसाच.

इथं मी एक गोष्ट बरी केली. कुठं होतास, असं विचारलं नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास माझ्या लक्षात राहिला आहे. एका परीक्षेपूर्वी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेपूर्वी कमी टंगळमंगळ केली. आपल्याकडे समज याच्या उलट आहे. मनाला टोचणी राहिली पाहिजे, म्हणजे पोरगं बसेल, असं घरी आणि वर्गात दोन्हीकडे म्हटलं जातं. पण टोचणी असह्य झाली की माणूस ज्यामुळे ती लागते त्या गोष्टीपासूनच लांब पळतो, मग ते पुस्तक असो की मॅडम.

मी एवढंच म्हटलं, "लग्न कसं झालं?" तो थोडा वेळ बोलला. मग आम्ही कागद काढला. चार दिवसांचे जवळजवळ साडेआठ तास गेले होते. ते उरलेल्या दिवसांवर वाटायचे नाहीत, असं ठरवलं. हातचे पाच तास तिथं गेले, आणि साडेतीन तासांचा अभ्यास सरळ कमी केला. मागच्या दिवसाची थकबाकी आजच्या दिवसावर चढवली की आजचाही दिवस बुडतो.

फिजिकलचे दोन युनिट

तो साडेतीन तासांचा अभ्यास कुठून कमी करायचा? आकडे सांगत होते की फिजिकलमधून. पाचपैकी दोन युनिट सोडायचे आणि उरलेल्या तिघांवर २४ चा टप्पा गाठायचा.

फिजिकल मी शिकवते. आपल्याच विषयातले दोन युनिट सोड, असं विद्यार्थ्याला सांगणं मला जड गेलं, आजही जातं. जे सोडलं ते पुढे एमएस्सीला जाताना त्याला लागणार होतं. पण तो त्या दिवशी एमएस्सीच्या दारात उभा नव्हता. कॉलेज सोडावं का, या प्रश्नावर उभा होता. फॉर्म भरला नव्हता यामागे तोच प्रश्न होता, हे तोवर मला कळलं होतं. मी होकार दिला आणि एक गोष्ट जोडली: निकालानंतर ते दोन युनिट आपण दोघं बसून करू.

सहकाऱ्यांपैकी एकांना हे पटलं नाही. असं सांगितलं तर मुलं दरवर्षी सोडायलाच शिकतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याचे दिवस शाबूत आहेत त्याला मी हे कधीच सांगणार नाही.

निकाल आणि माझी दुसरी चूक

जर्नलचे चौदाही प्रयोग परीक्षेच्या सहा दिवस आधी सर्टिफाय झाले. लेखीत ६० पैकी ऑर्गॅनिकला ३६, इंडस्ट्रियलला ३४, ॲनालिटिकलला ३१, फिजिकलला २९. आणि इनऑर्गॅनिकला २१. तीन गुणांनी गेला.

जो विषय आम्ही दोघांनी सुरक्षित धरला होता तोच. निकालानंतर मी त्याचे २६ उघडून बघितले. त्यांतले बरेचसे हजेरीचे आणि घरून लिहून आणलेल्या असाइनमेंटचे होते. चाचणीचे गुण कमीच होते. बेरीज बघून मी समाधान मानलं, आतले आकडे बघितले नाहीत. बापूला हिशोब करायला शिकवताना माझाच हिशोब अर्धवट राहिला होता. हे मी त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तीनच गुण आहेत. काढू."

पुढच्या परीक्षेत त्यानं ते काढले. उन्हाळ्याच्या त्या सेमिस्टरलाही तो अपडाऊनच करत होता. फक्त कापूस एव्हाना घरातून गेला होता. भाव आला नाही. आदल्या वर्षीचे दहा हजार परत दिसले नाहीत आणि वडिलांनी वाट बघून शेवटी मिळेल त्या भावात दिला. खोली रिकामी झाली त्या संध्याकाळी बापूनं टेबल पुसून खिडकीखाली ओढलं.

विभागात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. जर्नल मागे पडलेल्या मुलाला लॅबमध्ये येऊ द्यायचं. लिहिण्यासाठी बाहेरचा बाक चार ते पाच राखून ठेवायचा. आणि इंटर्नलचे मार्क बोर्डावर लावल्यावर आठवडाभरात मेंटॉरनं प्रत्येकाला स्वतः दाखवायचे, चाचणीचे वेगळे आणि असाइनमेंटचे वेगळे. याला वेळ लागतो. पन्नास मुलांना दहा-दहा मिनिटं म्हटलं तरी आठ तासांच्या वर जातात. पण पहिल्याच वर्षी सहा मुलं अशी निघाली की ज्यांनी आपले मार्क पाहिलेच नव्हते.

फेब्रुवारीत, सेमिस्टर सुरू होऊन दुसराच आठवडा होता, बापू केबिनच्या दारात आला. हातात फिजिकलचं पुस्तक, सोडलेल्या दोन युनिटच्या जागी एसटीच्या जुन्या पासाची खूण घातलेली. "मॅडम, आज बसायचं का?" त्यानं विचारलं. मी घड्याळ पाहिलं. सव्वापाचच्या बसला अजून पाऊण तास होता. आम्ही बाकावर जाऊन बसलो.